पाहिल्याची खूण

"तुमी चालवा जी, मी पायतो," असं म्हणून ते दोन्ही हात पाठीमागे बांधायचे आणि उभे राहायचे. कॉम्प्युटर दुरुस्त करायला आलेला माणूस माऊसला हातच लावत नाही, असं कधी पाहिलंय का, राजेहो? आमच्या अमरावतीच्या कॉलनीत असा एक होता. सगळे त्यांना भाई म्हणत. आधी टाइपरायटर दुरुस्त करायचे. कचेऱ्यांतून टाइपरायटर गेले, तसे कॉम्प्युटर शिकले. टाइपरायटरची अक्षरं साफ करायचा जुना ब्रश मात्र खिशातून गेला नाही.

मला त्यांचा राग यायचा, हे आधीच सांगून टाकते. मी कॉलेजात शिकवते. तासाला जायची घाई, आणि हा माणूस घरात येऊन नुसता उभा. "अहो भाई, पाहता काय? सगळं पुसा आणि नव्यानं टाका," मी म्हणायचे.

"काहून घाई करता ताई? पुसाले दोन मिनिटं लागतात. पुसलेलं वापस आणाले मले येत नाई."

पण त्या उभं राहण्यातून काय काय निघायचं! शेजारच्या वकीलसाहेबांच्या बायकोचं इंटरनेट असंच हळू झालं होतं. भाईंनी त्यांना चालवायला लावलं. स्क्रीनवर कसलीशी चौकट यायची, 'हे घेऊ का, ते घेऊ का' विचारायची, आणि काकू प्रत्येकीला 'हो' म्हणायच्या. वर सात पट्ट्या जमल्या होत्या. वाचायला खाली वीतभर जागा उरली होती.

"काकू, सगळ्याले हाव काहून म्हणता?"

"आता एवढं विचारतात बिचारे, तर नाही कसं म्हणायचं हो?"

"हे पाहुणे नोत काकू, घुसलेले लोक हायेत. यायले चहा पाजू नोका." काकू हसून हसून बेजार झाल्या. त्यांच्या सात पट्ट्या भाईंनी एकेक करून काढल्या, आणि प्रत्येक वेळी काकूंना विचारून.

आता आमच्या घरचं सांगते. माझे बाबा शेतकी खात्यातून निवृत्त झालेले. नोकरीतली बरीच वर्षं नांदगाव खंडेश्वर तालुक्यात गेली, शेवटची अकोल्याला. ते दिवस वाईट होते. रोजच्या पेपरात वऱ्हाडातल्या कुठल्या ना कुठल्या गावी कोणीतरी जीव दिल्याची बातमी असायचीच. बाबा कॉम्प्युटरवर पेपरचं जिल्ह्याचं पान उघडायचे. "माझ्या गावांतलं कोणी नाही ना, एवढंच पाहतो," म्हणायचे. मला वाटायचं, पाहू द्या, तेवढाच वेळ जातो.

मग आमचंही इंटरनेट रखडायला लागलं. एक पान उघडायला चहा उकळून व्हायचा. भाईंना बोलावलं. ते बाबांना म्हणाले, "साहेब, तुमी चालवा."

बाबांनी पान उघडलं. चष्मा सारखा करून, ओठ घट्ट मिटून खालपर्यंत वाचलं. मग श्वास सोडला. "नाही कोणी." आम्ही चहा घेतला. कप खाली ठेवून बाबा परत स्क्रीनकडे वळले, तेच पान दुसऱ्यांदा उघडलं, तसेच ओठ मिटले, तसंच वाचलं. "नाही कोणी." भाई माझ्याकडे पाहत होते आणि मी घड्याळाकडे. थोड्या वेळानं बाबांनी ते तिसऱ्यांदा उघडलं.

भाईंनी वाकून मला वरची ओळ दाखवली. एकामागे एक, इवल्याइवल्या चौकटी, आणि सगळ्यांत तेच एक पान. लाइट जायची तेव्हा तरी हे सगळं बंद व्हायला हवं होतं. पण लाइट आली की मशीन विचारायचं, मागची पानं परत उघडू का, आणि बाबा हो म्हणायचे. ते ओझं घेऊन बिचारं चालणार कसं?

चपला घालताना फाटकापाशी भाई हळूच म्हणाले, "ताई, मशीन बरोबर हाय. साहेब भुलून राहिले. पायलेलं त्यायले आठवत नाई. डॉक्टरले दाखवा."

माझं डोकंच फिरलं. "तुम्ही कॉम्प्युटर तपासा भाई. माझ्या वडिलांना तपासायला तुम्हाला कोणी सांगितलं?"

"हाव जी," एवढंच म्हणून ते गेले.

संध्याकाळी बाबा फिरायला गेल्यावर मी त्यांच्या खुर्चीत बसले आणि ती पानं एकेक करून बंद करू लागले. एक मिटावं तर खाली तेच. म्हणजे इतक्या वेळा माझा बाप घाबरला होता, आणि मी शेजारच्या खोलीत पेपर तपासत बसले होते! मला रडू आवरेना.

दुसऱ्या दिवशी भाई न बोलावता आले. हातात कॅलेंडर, आपण दुधाच्या खुणा करतो तसलं. आमच्याच खलबत्त्याच्या बत्त्यानं त्यांनी कॉम्प्युटरशेजारी खिळा ठोकला, कॅलेंडर टांगलं, त्याला दोऱ्यानं पेन्सिल बांधली.

"साहेब, ऑफिसात मस्टरवर सही करत होते ना? तसंच. पान पायलं का खूण करा. खूण दिसली तं मंग पाहाचं नाई."

बाबांना ते एकदम पटलं. आयुष्यभर मस्टर पाळलेला माणूस! भाईंनी मशीनही असं लावून दिलं, की सुरू केलं की तेवढं एकच पान यावं आणि मागची पानं परत उघडू नयेत.

"भाई, काल मी तुम्हाला फार..." मी सुरुवात केली.

"चहा मांडा ताई," ते म्हणाले.

डॉक्टरांनीही तेच सांगितलं. आजार काही थांबला नाही. पण दिवसातून दहादा घाबरणारे बाबा आता एकदाच घाबरत होते, आणि हे माझ्या डिग्र्यांना सुचलं नव्हतं. रोज सकाळी दुकानात जाताना भाई फाटकातून हाक मारायचे, "साहेब, खूण केली का?" बाबा आतून म्हणायचे, "केली भाई!" पुढे पुढे बाबा माझं नावसुद्धा विसरायला लागले, तरी ही हाक विसरले नाहीत.

दोन वर्षांनी भाई पुतणीच्या लग्नाला अकोल्याला गेले आणि तिथंच हृदय बंद पडून गेले. मी त्यांच्या घरी भाभींना भेटून आले आणि बाबांना सांगितलं. बाबा लहान मुलासारखे रडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच वेळेला ते फाटकाकडे पाहत उभे. "भाई नाही आला अजून?" मी परत सांगितलं. ते परत रडले, पहिल्यांदाच ऐकल्यासारखे.

तिसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न आला. मी कॅलेंडरपाशी गेले. पान पाहिल्याची त्यांची खूण होतीच. तिच्या शेजारी मी पेन्सिलीनं दुसरी केली.

"येऊन गेले बाबा. तुम्ही आंघोळीला होता. ही बघा खूण."

बाबांनी त्या खुणेवर बोट ठेवलं. बराच वेळ ठेवलं.

"असं? मग ठीक," ते म्हणाले. "उद्या थांबव त्याला. चहा घेऊन जा म्हणावं."

"हो," मी म्हटलं.