हिरवी जाळी आणि माझ्या जुन्या साड्या

सक्करदऱ्यातल्या आमच्या गल्लीच्या टोकाला एक रिकामा प्लॉट होता. मालक उमरेडला राहायचे. कुणी कचरा टाकू नये, कब्जा करू नये, म्हणून त्यांनी त्याचे तुकडे पाडून भाजी लावायला द्यायचं ठरवलं. हंगामाचे हजार रुपये. दिवाळी झाल्यावर ते एसटीने आले, चुन्याने रेघा मारून गेले. एक तुकडा मी घेतला. त्याला लागून असलेला एका शेजारणीने घेतला. ती आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहायची, माझ्याहून आठ-दहा वर्षांनी लहान.

त्या वर्षी नवऱ्याची कंपनी बंद पडली होती. सदरमधल्या एका दुकानात मी बिलं करायची, त्या एका पगारावर घर चालत होतं. भाजीचे पैसे वाचतील एवढाच विचार होता. हजार रुपये दिल्यावर कळलं की खर्च आता कुठे सुरू झालाय. काळी माती वाळून दगड झालेली. कबाड्याकडून दीडशेचं फावडं आणलं, तिसऱ्या दिवशी त्याचा दांडा मोडला. नवा दांडा ऐंशीचा. शेणखत गोठ्यावरून सायकलवर पोतं बांधून आणलं. सांभारासाठी, म्हणजे कोथिंबिरीसाठी, घरातलेच धने रगडून पेरले, मेथीही डब्यातली. कुंपणाला माझ्या जुन्या साड्या बांधल्या. पाणी गल्लीतल्या बोरिंगवरून, एका वेळी दोन बादल्या.

तिचा भाऊ एका रविवारी पिकअप घेऊन आला. हिरवी जाळी, काळा मोठा ड्रम, ठिबकच्या नळ्या, गांडूळखताच्या गोण्या, नर्सरीतली रोपं. संध्याकाळपर्यंत तिचा वाफा तयार. मी सकाळपासून दोन ओळी खणल्या होत्या आणि तळहाताला फोड आले होते.

"ताई, काहून एवढ्या बादल्या वाहून राहिल्या? माह्या ड्रममधलं पाणी घ्या ना," ती म्हणाली.

"नाही वं. मले तेवढाच व्यायाम होते," मी म्हटलं.

ती वाईट असती तर बरं झालं असतं. पहिली वांगी निघाली तेव्हा तिने वाटीभर भाजी करून पाठवली. मी खाल्ली आणि बिया फार आहेत म्हटलं. माझा सांभार उगवलाच नव्हता, धने जुने होते. येणारे-जाणारे तिच्या फुलकोबीपाशी थांबायचे. नवरा एकदा म्हणाला, "तिचं पाह्य ना, कसं नीटनेटकं आहे." दोन दिवस मी त्याच्याशी धड बोलले नाही.

जानेवारीतली गोष्ट. दुकानातून परस्पर वाफ्यावर गेले. तिच्या जाळीच्या दाराचा फास सुटलेला होता. थोड्या अंतरावर दोन मोकाट गाई उकिरडा हुंगत होत्या. मी फास हातात घेतला. मग सोडून दिला. तिचं ती पाहील, माझं काय जातं, असं मनात आलं. माझ्या मेथीला पाणी घातलं, साड्यांच्या गाठी आवळल्या आणि घरी निघाले.

जिन्यात ती भेटली. "पाणी घालून आल्या, ताई?"

"हो," मी म्हटलं. तेव्हाही सांगता आलं असतं.

सकाळी गेले तर कोबीचे नुसते बुडखे उरले होते. नळ्या चिखलात तुडवलेल्या, जाळी एका बाजूने खाली आलेली. ती बादली पालथी घालून तिच्यावर बसली होती.

"मीच घाईत फास लावाले विसरली असंन," ती म्हणाली. मग माझ्या वाफ्याकडे पाहून म्हणाली, "तुमच्या साड्या कामी आल्या. तुमचं वाचलं, बरं झालं."

 त्या दिवशी दुकानातून अर्ध्या दिवसाची सुटी घेतली, पगार कापला गेला तरी. तिच्यासोबत चिखल उपसला, नळ्या धुतल्या. रविवारी सगळं सांगून टाकायचं ठरवलं. वाक्यसुद्धा जुळवून ठेवलं होतं.

रविवारी खाली उतरले तर पिकअप उभी होती. भावाने नवी रोपं आणली होती, नवी जाळी, शिवाय लोखंडी दार. तो खड्डे खणत होता आणि ती चहाचा कप हातात धरून त्याला हसत होती. माझं वाक्य तोंडातच राहिलं. चार दिवस जो अपराधीपणा पोटात घेऊन फिरत होते तो कुठे गेला कळलं नाही. त्याच्या जागी जुनी जळजळ परत आली होती, आधीपेक्षा जास्त.

"ताई, ही जुनी जाळी तुमीच घ्या," ती म्हणाली. "एका कोपऱ्यात फाटली, बाकी चांगलीच आहे."

मी घेतली. विकत घ्यायला गेले असते तर आठशे-नऊशे रुपये गेले असते. दुपारी नवरा आणि मी मिळून ती वाफ्याभोवती बांधत होतो.

"किती चांगली आहे ना ती," तो म्हणाला.

"असा भाऊ असला का कोणीही चांगलं असते," मी म्हटलं आणि सुतळी दातांनी तोडली.

उन्हाळा लागेपर्यंत मेथीचे आणखी तीन तोडे निघाले. एक जुडी मी तिच्याकडे नेऊन दिली. फासाचं मात्र अजून सांगितलेलं नाही. दिवाळीनंतर मालक पुन्हा आले, तेव्हा पुढच्या हंगामाचे हजार रुपये आम्ही दोघींनी एकाच वेळी त्यांच्या हातात दिले.