कोपराचं माप

न्यूझीलंडमधला फेब्रुवारी, उन्हाळा सरत आला होता आणि माझं पोस्टिंग होतं ऑकलंडच्या हेन्डरसनमध्ये, मुलीच्या घरी. साल २००६. ड्युटी ठरलेली: सकाळी भाजी निवडायची, दुपारी दुकानांत फिरून भाव विचारायचे.

फौजेतून हवालदार म्हणून पेन्शनीत आलो आणि कराडला सिमेंट-पत्र्याचं दुकान काढलं. ते शून्यातून उभं केलं. कुणाशीही मी भावात हरलो नाही. हे आधीच सांगतो, कारण पुढची हकिगत हरण्याची आहे.

माझी मुलगी शुभदा इथे शिकायला आली आणि राहिली. ऑफिसातल्या मित्रांबरोबर नेमबाजीच्या रेंजवर जायला लागली, बंदुकीचं लायसन्स काढलं. एप्रिलमध्ये ती त्यांच्याबरोबर हरणाच्या शिकारीला जाणार होती. तिला एकच रायफल हवी होती, झाडीत वागवता येईल आणि रेंजवरही चालेल अशी.

"बाबा, तुम्ही चला. फक्त घासाघीस करू नका. इथे तसं नसतं."

"सगळीकडे असतं. माणूस भेटावा लागतो."

बंदुकांचा दुकानदार ग्रॅहम हा आडवा, लाल चेहऱ्याचा गडी. 'किया ओरा' असा तिकडचा नमस्कार केला आणि कपाट उघडलं. लायसन्स शुभदाचं, म्हणून रायफल तिच्याच हातात देत होता. मी हात मागे बांधून उभा.

पहिली रायफल लांब नळीची. रेंजवर उत्तम, पण गर्द झाडीत फांदीफांदीला अडकणारी. दुसरी अगदी हलकी. डोंगर चढायला बरी. पण हलकी रायफल धक्का जोरात देते. रेंजवर राउंडमागून राउंड मारले की खांदा सुजतो आणि माणूस ट्रिगर दाबायच्या आधीच डोळे मिटायला लागतो. तिसरी आखूड नळीची, जराशी जड. बोल्ट मागे-पुढे केला की खडखड नाही.

"ही," मी म्हणालो.

शुभदाने तिची बट, म्हणजे मागचा दस्ता, खांद्याला लावली. तिची मान पुढे ताणली गेली.

"थांब. बट कोपराच्या आत टेकव. आता बोट ट्रिगरवर."

बोट पोहोचलं नाही. माझा आवाज चढला. ग्रॅहमला मी माझ्या इंग्रजीत सांगितलं, हिला आखूड बट पाहिजे. आत्ता पाहिजे. मागवतो, थांबा, हे ऐकायला मी आलेलो नाही.

"बाबा, ओरडू नका! तो काय तुमचा स्टोअरवाला आहे?"

तो फौजेतला स्टोअरवाला तिला घरातल्या बोलण्यातून माहीत होता. दौलत माहीत नव्हता.

लान्स नायक दौलत कोंढाळकर, भोर तालुक्यातला. माझ्या सेक्शनचा स्काउट, म्हणजे पेट्रोलच्या, गस्तीच्या तुकडीच्या, सगळ्यांत पुढे चालणारा. बुटका, हात आखूड, पण चढावर त्याला कुणी गाठायचं नाही. आमची चौकी उत्तरेत, बर्फात होती. आमच्या रायफलींच्या लाकडी बट वेगवेगळ्या लांबीच्या येत. दौलतला मिळाली होती लांब. मैदानात तो निभावून न्यायचा. वर आल्यावर जाडा कोट चढला आणि रायफल उचलताना बट काखेत अडकायला लागली.

खाली बेसवरच्या स्टोअरच्या हवालदाराशी माझे व्यवहार जुने होते. रम देऊन मोजे, मोजे देऊन रॉकेल. रस्ता बंद व्हायच्या आत एक आखूड बट वर यावी म्हणून मी फोनवर माझा सगळ्या हिवाळ्याचा रमचा कोटा देऊ केला.

"बट नाही," तो म्हणाला. "जवानाला सांग, हात लांब कर."

फोनमधला आवाज बंकरभर ऐकू गेला. पोरं हसली. दौलतने दोन्ही हात पसरले. "ओढा हवालदारसाब. एक तुम्ही धरा, एक लांगरीला द्या," तो स्वयंपाक्याकडे बघत म्हणाला.

मी करवत काढली. दौलतनेच अडवलं. "सरकारी लाकूड आहे. माझ्यापायी तुमच्या फिती जातील."

रस्ता बंद झाला.

नंतर एका सकाळी धुक्यात नायब सुभेदारसाहेब पेट्रोल घेऊन धारेवर गेले. दौलत पुढे. मी चौकीवर, रेडिओपाशी. रेडिओवर साहेब 'वन', मी 'टू'.

"वन फॉर टू. आगे पत्थर के पास हलचल. स्काउट देख रहा है. वेट, आउट."

मग एक गोळी वाजली. एकच, आणि ती आमच्या रायफलीची नव्हती. त्यानंतर सगळीकडून फायर.

"टू फॉर वन. मी माणसं घेऊन वर येतो. ओव्हर."

"नेगेटिव्ह. पोस्ट नहीं छोडना. आउट."

मी पोस्ट सोडली नाही. हातात हँडसेट धरून धुक्याकडे बघत राहिलो. धुक्याशी काय भाव करणार?

साहेब परत आल्यावर एवढंच म्हणाले, "त्याने आणि दुश्मनाने एकमेकांना एकदमच पाहिलं. दौलतची बट कोटात अडकली."

"ईझी, मेट," इकडे दुकानात ग्रॅहम मला शांत करत म्हणत होता. त्याने स्क्रू काढले, बटच्या टोकाचं रबर सुटं केलं, मधल्या दोन चकत्या बाहेर काढल्या आणि रबर परत आवळलं. शुभदाने रायफल उचलली. मान सरळ, डोळा बरोबर दुर्बिणीमागे.

"स्वीट ॲज," तो म्हणाला. म्हणजे झकास.

मी त्याला इंग्रजीत म्हणालो, "एवढंच?"

त्याला वाटलं, मी अजून काही मागतोय. त्याने सफाईचं किट फुकट टाकलं. आयुष्यातला सर्वांत सोपा सौदा. मला तो नको होता.

गाडीत शुभदाने विचारलं, "बाबा, काय झालं?" मी तिला हे सगळं सांगितलं. एक गोष्ट राहिली, ती इथे लिहितो. बर्फ वितळल्यावर पहिल्या खेचरांबरोबर आखूड बट वर आली. हत्यारं दुरुस्त करणाऱ्या आर्मररने ती दौलतच्या रायफलीला बसवली. तीही स्क्रू फिरवण्याइतक्याच वेळात. रायफल एका उंच जवानाला मिळाली. त्याला ती आखूड पडायची.

दौलतचं नाव पलटणीच्या स्मारकावर आहे, अगदी खालच्या ओळीत. भारतात गेलो की जाऊन येतो. वाचायला मला गुडघ्यांवर बसावं लागतं. दौलतला नुसतं वाकून भागलं असतं.