शेवटचा फर्मा

वाचनालयाच्या मागच्या खोलीत काकू पुस्तकं बांधायच्या. फाटकं पुस्तक आलं की आधी ते फर्म्याफर्म्यानं, म्हणजे सोळा-सोळा पानांच्या घड्यांत, सुटं करायचं; मग शिवायचं, खळ लावायची, पुठ्ठा चढवायचा. पण शिवायच्या आधी काकू ते वाचून काढायच्या आणि मागच्या पुठ्ठ्याच्या आत पेन्सिलीनं आपलं मत लिहायच्या. ग्रंथपाल बाई आधी रागावल्या. मग लोक पुस्तक घेताना पहिल्यांदा मागचं पान उघडतात हे दिसलं, तेव्हा गप्प बसल्या.

एका साहेबांच्या आत्मचरित्रात काकूंनी लिहिलं होतं, ‘चारशे पानांत एकही चूक केली नाही. असा भाग्यवान माणूस देव क्वचितच घडवतो.’ एका गाजलेल्या कादंबरीत, ‘साठ पानं नुसतं धुकं. एकसष्टाव्या पानावर माणसं भेटतात. धीर धरा.’ एका नटाच्या बायकोच्या आठवणींत, ‘नवऱ्याला एका वाक्यात माफ केलंय. बाईंनी घाई केली.’

या मतांवर सगळ्यांत जास्त भरवसा निवृत्त नर्सबाईंचा. त्यांना सगळे सिस्टरच म्हणत. त्यांची नजर झपाट्यानं अधू होत चालली होती. काकू सांगतील तेवढंच त्या वाचायच्या.

एका सकाळी त्या एक कादंबरी घेऊन थेट मागच्या खोलीत आल्या. घर सोडून गेलेली मुलगी बारा वर्षांनी परत येते, दार वाजवते, आई आतून विचारते, ‘कोण?’ आणि तिथंच संपतं. काकूंचं मत होतं, ‘लिहिलंय चांगलं, पण शेवटी लेखिका दमली.’

“काकू, आईनं दार उघडलं का हो?”

“मला काय माहीत! हल्लीच्या कादंबऱ्या अशाच. मध्येच सोडतात आणि वर म्हणतात, तुमचं तुम्ही ठरवा.”

सिस्टर हसल्या नाहीत. “डॉक्टरांनी वाचन बंद करायला सांगितलंय. हे माझं शेवटचं पुस्तक. दुसरं दिलं असतंत तर बरं झालं असतं.”

त्या गेल्यावर काकूंचा हात कामाला लागेना. खळीचं भांडं घ्यायला गेल्या, तर शेजारच्या लोखंडी वजनाखाली कागद दिसला. फाटला म्हणून चिकटवून वाळायला ठेवलेला फर्मा. पान दोनशे नऊ.

सिस्टरची कादंबरी दोनशे आठव्या पानावरच संपली होती. फर्मे मोजल्याशिवाय काकू कधी सुई ओवायच्या नाहीत, नेमके त्याच दिवशी मोजले नव्हते. “देवा, त्या बिचारीला दमली म्हणाले मी,” त्या पुटपुटल्या आणि एप्रनसकट निघाल्या.

सिस्टरच्या खिडकीशी बसून त्यांनी आधी चूक सांगितली, मग सोळा पानं मोठ्यानं वाचली. आई दाराशी येत नाहीच. आतूनच म्हणते, ‘लोटलेलंच आहे गं. कडी कधी लावलीच नाही.’

मग सिस्टरनी डोळे पुसले. “आता लिहा मत.”

काकूंनी ‘लेखिका’ खोडून वर ‘काकू’ लिहिलं. तेवढ्यानं वाक्य खरं झालं.

“आणि यापुढे सुटे फर्मे आधी इथं आणायचे,” सिस्टर म्हणाल्या. “वाचून झालं की मग शिवा. पण मोजून आणा बाई.”