शेपूटवालं इंग्रजी

चाकणच्या आमच्या कंपनीत स्पेनहून साहेब आले आणि क्वालिटीतली मी रातोरात दुभाषी झाले. कारण काय, तर कधीकाळी हौसेनं स्पॅनिशचा क्लास केला होता. पगार अर्थातच क्वालिटीचाच राहिला.

साहेब माणूस भला. फक्त इंग्रजी क्रियापदाला 'ऑफ', 'अप' असलं शेपूट लागलं की त्यांची गाडी घसरायची. "शेपूट जरा सरकलं की अर्थच पालटतो," ते कुरकुरायचे. मी मान डोलवायचे. आपल्याकडं पिकअप म्हणजे टेम्पो, गाडीचा जोरही पिकअप आणि कंपनीच्या बसचा थांबाही पिकअपच, हे सांगून बिचाऱ्याला आणखी कशाला छळा?

एकदा त्यांनी पाहिलं, सुपरवायझर एका कंत्राटी वेल्डरला सगळ्यांदेखत फाडून खातोय. वेल्डर परभणीकडचा. यंदा परमनंट होणार म्हणून बायकोपोरांना चऱ्होलीत घेऊन आलेला. साहेबांना कळवळा आला. त्यांनी एचआरला मेल केला. लिहायचं होतं 'ले ऑफ हिम', म्हणजे त्याच्या मागे लागू नका. लिहिलं 'ले हिम ऑफ'. म्हणजे त्याला कामावरून काढा.

एरवी रजेचा अर्ज एचआरच्या टेबलावर लोणच्यासारखा मुरतो. हा मेल मात्र जेवणाच्या सुट्टीआधीच अमलात आला. "ताई, मी काय केलं हो?" गेटपास काढून घेतलेला वेल्डर मला विचारत होता. मी संतापून तडक साहेबांची केबिन गाठली.

मी अर्थ सांगितल्यावर साहेब पांढरेफटक पडले. घाईघाईत दुसरा मेल लिहिला, 'आय टेक इट बॅक'. मी तशीच एचआर मॅनेजरकडं गेले.

"मेल वाचला," ते म्हणाले. "साहेबांनी शब्द मागे घेतले. मोठं मन आहे."

"आणि वेल्डर?"

"माणूस परत घ्या असं कुठं लिहिलंय, मॅडम? इंग्रजी नीट वाचत जा जरा."

तिसरा मेल साहेबांनी माझ्याकडून लिहून घेतला. त्यात वेल्डरला परत कामावर घ्या, असं इतकं स्वच्छ लिहिलं की शाळेतल्या मास्तरांनीही चूक काढली नसती. उत्तर आलं, 'वी विल लुक इनटू इट'. तोवर वेल्डर चऱ्होलीची खोली सोडून बायकोपोरांसकट गावी गेला होता.

साहेब मात्र उत्तर वाचून खूश झाले. एव्हाना शहाणे झाले होते, म्हणून मला विचारलं, "याचे किती अर्थ होतात?"

"इंग्लंडमध्ये असतील दोन-चार, साहेब," मी म्हणाले. "इथं एकच. नाही."