पावती आधी, पैसे मागून

महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्च सुटलं की साळवेनाना स्वतःच्या घरी जायच्या आधी आमच्या दारात उभे राहायचे. पांढरा शर्ट, काखेत बायबल आणि हातात सोसायटीचं पावतीपुस्तक. बेल वाजवायची नाही, कडी दोनदा हलवायची. दार उघडलं तरी पैसे मागायचे नाहीत. आदल्या दिवशीच लिहून, सही-शिक्का मारून ठेवलेली मेंटेनन्सची पावती फाडायची, माझ्या हातात ठेवायची आणि म्हणायचं, "घ्या मुळेसायेब, झालं तुमचं." माझं काहीच झालेलं नसायचं. पैसे अजून माझ्याच खिशात असायचे.

सावेडीतली आमची पंधरा घरांची सोसायटी. मॅनेजर ठेवायची ऐपत नाही, म्हणून सगळं राहणाऱ्यांनीच बघायचं. आणि बघायला कोणी तयार नाही, म्हणून बँकेतून निवृत्त झालेला मी अध्यक्ष आणि साखर कारखान्यातून निवृत्त झालेले नाना खजिनदार. नगरचं अहिल्यानगर झालं तरी आमचा रबरी शिक्का नगरचाच राहिला. नाना म्हणायचे, "आपन तरी कुठं बदललोय?"

मी जन्मभर बँकेत घालवलेला माणूस. पैसे न घेता पावती देणं म्हणजे माझ्या दृष्टीनं विस्तवाशी खेळ. मी नानांना पहिल्याच महिन्यात तसं बजावलं. ते हसले. ते मूळचे पुणतांब्याचे, कारखान्यात टाइमकीपर होते. पहिल्या पाळीची माणसं लांबच्या वस्त्यांवरून सायकली मारत यायची. उशीर होणार हे दिसत असलं तरी नाना त्यांची हजेरी आधीच लावून टाकायचे. "हजेरी लावली म्हनल्यावर मानूस पळत येतो सायेब. खाडा लावला की तो घरीच बसतो. पावतीचं बी तसंच हाय. हातात पावती पडली की पैसे दिल्याबिगर मानसाला घास ग्वाड लागत न्हाई."

आणि खोटं कशाला बोलू, चौदा घरांत हे चालत होतं. मी दुपारच्या जेवणाआधी वर जाऊन पैसे देऊन यायचो. नाना पुस्तकात उरणाऱ्या स्थळप्रतीवर बारीक पेन्सिलनं 'येणे' असं लिहून ठेवत, पैसे आले की खोडरबरनं पुसत. ही पद्धत सगळ्या सोसायटीला ठाऊक होती. मीही पुढं बजावायचं सोडून दिलं. फुकटात काम करणाऱ्या माणसाला किती नियम शिकवायचे?

पंधरावं घर दिवट्यांचं. त्यांच्या छताला गळती होती. "आधी माझी गळती काढा, मग मेंटेनन्स मागा," हे त्यांचं पालुपद. गळती काढायला पैसे लागतात आणि पैसे दिवट्यांकडेच अडकलेले. या गोल फेऱ्यात तीन वर्षं गेली. नाना दर महिन्याला त्यांचीही कडी हलवायचे आणि पावती हातात ठेवायचे. दिवटे ती मान डोलावून घ्यायचे. त्यांना घास कसा लागत होता, देव जाणे.

शेवटी लिफ्ट बंद पडली. कंपनीचं वर्षाचं देणं थकलं होतं, दुरुस्तीला माणूसच येईना. नानांचं घर तिसऱ्या मजल्यावर आणि त्यांच्या पत्नी रूथकाकू डायलिसिसवर. आठवड्यातून दोनदा त्यांना दवाखान्यात न्यायचं म्हणजे प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून तीन जिने उतरवायचं. एका बाजूनं मी, दुसऱ्या बाजूनं रिक्षावाला, मागून पिशवी घेऊन नाना. काकू दर वळणावर म्हणायच्या, "टेकवा वाईच. तुमालाच धाप लागली." दोन-तीनदा तर दिवट्यांनीही खुर्ची धरली. वाईट माणूस नव्हता. पण दिवट्यांची थकबाकी आल्याशिवाय लिफ्ट चालू होणार नव्हती, आणि हे काय त्यांना कळत नव्हतं?

आम्ही वकील केला. नोटिसा दिल्या, वसुलीच्या दाखल्यासाठी उपनिबंधकांकडे अर्ज केला. वकिलाची फी लिफ्टसाठी जमवलेल्या चार पैशांतूनच गेली. "जाऊ द्या, निकाल लागला की समदं भरून निघंल," नाना म्हणाले. त्यांना कधी नव्हे ती घाई झाली होती. काकूंच्या पायांना सूज यायला लागली होती.

सुनावणीच्या दिवशी दिवट्यांनी प्लास्टिकचं फोल्डर उघडलं. आत नानांच्या पावत्या, तीन वर्षांच्या, तारीखवार. "मी दर महिन्याला रोख दिलेत. खजिनदारांनी बँकेत भरले नसतील तर तो माझा दोष नाही."

नाना त्या पावत्यांकडे नुसतं बघत राहिले. वकील त्यांच्या कानाशी लागला, "सही तुमची नाही म्हणून सांगा, बाकीचं मी बघतो." नाना उठून उभे राहिले. "सही माझीच हाय सायेब. पैसे न्हाई आले. आमी पावती आधी देतो." स्थळप्रतींवरचं पेन्सिलीचं 'येणे' त्यांनी दाखवलं. अधिकारी म्हणाले, "पेन्सिलीला काय अर्थ आहे हो?" मग माझ्याकडे वळले. "अध्यक्ष, पावती आधी द्यायची असा ठराव आहे तुमच्याकडे?"

"ठराव नाही, साहेब," मी म्हणालो.

ते खरंच होतं. पण पद्धत होती, मला माहीत होती, मी स्वतः इतकी वर्षं तशाच पावत्या घेत होतो, हे मला सांगता आलं असतं. मी गप्प बसलो. बँकेतला माणूस ना! आपलं नाव कागदावर येऊ नये, एवढंच त्या वेळी सुचलं. नानांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि खाली बसले.

पावत्यांची सगळी रक्कम वजा झाली. हाती लागलं ते किरकोळ. वकिलाची फी दिवट्यांच्या नावावर टाकायची आमची मागणीही फेटाळली गेली. मग सभा झाली. फी कोणी सोसायची? जे चौदा जण वर्षानुवर्षं आधी पावती आणि मग पैसे असं करत होते, त्यांच्यातलाच एक म्हणाला, "चूक ज्याची, त्यानं भरावी." कोणी हो म्हणालं नाही, कोणी नाही म्हणालं नाही. मीही त्यातच. नानाच म्हणाले, "भरतो की. सा हप्त्यांत चालंल का?"

दर महिन्याला ते माझ्याकडे यायचे. आता हातात पावतीपुस्तक नसायचं. ते मीच माझ्याकडे ठेवलं होतं. आधी पैसे टेबलावर ठेवायचे आणि म्हणायचे, "आता पावती द्या. उलटं करायचं न्हाई." राग नव्हता त्यात. दमलेला माणूस बोलतो तसं बोलायचे. मला वाटायचं, त्यांनी एकदा तरी शिवी द्यावी.

पाच हप्ते झाले आणि काकूंना जिने झेपेनासे झाले. खुर्चीतूनसुद्धा. नानांनी घर विकायला काढलं आणि पुणतांब्याला भावाच्या तळमजल्यावरच्या खोल्यांत जायचं ठरवलं. तिथून दवाखाना लांब पडणार होता, पण निदान जिना नव्हता. जायच्या आदल्या दिवशी ते आले. "पुस्तक द्या वाईच. माझ्या येळच्या पावत्यांचा मेळ बघून देतो." संध्याकाळी पुस्तक रुमालात बांधून परत दिलं. दुसऱ्या दिवशी टेम्पो आला. आम्ही काकूंना शेवटचं उतरवलं. दिवट्यांनी खुर्चीचा एक पाय धरला होता.

दुपारी पान वाढलेलं असताना मी सहज रुमाल सोडला. पुस्तकात एक पावती तयार होती, नानांच्या अक्षरात. 'श्री. मुळे यांजकडून, वकील फीचा सहावा हप्ता, रोख मिळाला.' खाली सही, नगरचा शिक्का. स्थळप्रतीवर पेन्सिलनं 'येणे'.

हायकोर्टानंसुद्धा मला असं सुनावलं नसतं. आणि तरी ते सुनावणं नव्हतंच, हे मला जास्त लागलं. माझी हजेरी त्यांनी आधीच लावून ठेवली होती. पळत येईन, हे धरून.

घास तोंडापर्यंत नेला आणि ठेवला. बायको म्हणाली, "भाजी गार होतेय." मी उठलो, पैसे सोसायटीच्या पेटीत टाकले, खोडरबर शोधून 'येणे' पुसलं आणि नानांना फोन लावला. टेम्पोचा आवाज येत होता.

"नाना, पावती मिळाली. पैसे भरले."

"व्हय का? मंग झालं तुमचं, सायेब."

परत आलेली फी आणि दिवट्यांकडचं किरकोळ मिळून कंपनीचं देणं कसंबसं फिटलं, पुढच्या महिन्यात लिफ्ट चालू झाली. मी अजून जिन्यानंच जातो. माझं काहीच झालेलं नाही.