प्रयागबाईंचा चौथा दोरा

तांडापेठेत आमच्या भिंतीला भिंत लागून नत्थूजींचं घर. हातमाग केव्हाच मोडीत निघाला आणि नत्थूजी एका शाळेवर चौकीदारी करू लागले, पण त्यांच्या बायकोच्या, प्रयागबाईंच्या हातातला दोरा काही सुटला नाही. वर्षानुवर्षं नवऱ्याच्या मागासाठी सुताच्या कांड्या भरलेली बाई. लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून लक्षात ठेवायचं ते सगळं दोऱ्यात. गॅसची टाकी कधी लावली, नातीचा डोस कधी आहे, सगळ्यासाठी खिडकीच्या गजाला वेगवेगळ्या रंगाचा दोरा. मी पोस्टात जन्मभर टपाल वाटलं, कधीमधी चुकलोही. ही बाई चुकत नसे. म्हणूनच जे झालं ते अजून माझ्या घशाखाली उतरत नाही.

मागाच्या खड्ड्यात बसून बसून नत्थूजींचे गुडघे गेले होते, सायकल मारून माझे. खापा गावाच्या पुढे एक जण सांधेदुखीची पुडी देतो, हे मीच शोधून काढलं. आधी स्वतः घेतली, तिसऱ्या दिवशी धडधड जिना चढलो आणि मग शहाणपणा अंगात मावेना. दर महिन्याला माझ्या स्कूटरवरून दोन्ही घरच्या पुड्या यायला लागल्या. नत्थूजींची भूक वाढली, गाल वर आले, तेव्हापासून प्रयागबाई तिला ताकदीची पुडीच म्हणू लागल्या. "जडीबुटी हाय जी, नुकसान थोडीच करते," प्रयागबाई म्हणायच्या, आणि मी मोठ्या जाणकारासारखी मान हलवायचो. अशी चार वर्षं गेली.

यंदा दिवाळीनंतर नत्थूजींच्या टाचेत खिळा घुसला. ताप नाही, ठणका नाही, त्यामुळे कोणी मनावर घेतलं नाही. जखम चिघळल्यावर गल्लीतल्या डॉक्टरांनी पाच दिवसांच्या अँटिबायोटिक गोळ्या दिल्या. प्रयागबाईंनी त्या एकही न चुकवता दिल्या. जखम जराशी सुकली आणि पुन्हा वाहू लागली. सूज पोटरीवर चढली तेव्हा आम्ही त्यांना सरकारी दवाखान्यात भरती केलं.

तिथे इंजेक्शनं सुरू झाली. दोनदा औषध बदललं, तरी पाय काळवंडतच चालला. प्रयागबाईंचं जेवण सुटलं. दिसेल त्याला, अगदी झाडूवालीलासुद्धा, त्या एकच विचारायच्या, "एवढी कडक दवाई देऊन राहिले, तरी काहून उतरून नाई राहिलं वं?" नर्सच्या पाया पडायला गेल्या तेव्हा मीच ओशाळलो. चिडलोही. कोणावर ते मात्र मला तेव्हा कळलं नव्हतं.

सहाव्या दिवशी डॉक्टर दामिनी तपासायला आल्या. वयाने प्रयागबाईंच्या लेकीएवढ्या. खाटेच्या दांडीवर गोळ्यांच्या आठवणीसाठी बांधलेले दोरे त्यांनी पाहिले.

"मावशी, गोळ्या तर तीनच आहेत. दोरे चार कसे?"

इतक्या दिवसांत कोणीतरी आपल्या कामाकडे पाहिलं, याचं प्रयागबाईंना बरं वाटलं. "पांढरा ताकदीच्या पुडीचा हाय. चार सालापासून एकच देत होतो मी. आता दवाई कडक हाय ना, अंगात जोर पायजे, म्हनून सकाळ-संध्याकाळ दोन देतो. एक खेप नाई चुकली."

डॉक्टरांनी पुडी हुंगली. नत्थूजींचा सुजल्यासारखा गोल चेहरा पाहिला, हातावरची कागदासारखी पातळ कातडी पाहिली, आणि त्या खाटेवर बसल्याच.

"यात बहुतेक स्टेरॉइड मिसळलंय, मावशी. आमचं औषध जंतू मारतं, पण सगळे नाही. उरलेले अंगातल्या पेशींनी वेचून संपवायचे असतात. ही पुडी त्या पेशींनाच झोपवून ठेवते. ताप दाबते, दुखणं दाबते, म्हणून तर कोणाला कळलं नाही."

"मंग आत्ताच बंद करतो."

"एकदम नाही! इतक्या वर्षांनी त्यांचं शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवायचं विसरलंय. एकदम तोडलं तर जिवावर बेतेल. आम्ही मोजून देऊ. तुम्ही पुडी देऊ नका." मग त्यांनी विचारलं, "ह्या आणल्या कोणी?"

मी खाटेच्या पायथ्याशीच उभा होतो. प्रयागबाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मीच आनल्या," त्या म्हणाल्या.

दोन दिवस आम्ही त्या पायाकडे डोळे लावून बसलो. पण जखमेचं विष रक्तात गेलं होतं. नत्थूजी दुखण्याने कण्हायचे आणि बायकोचा पदर धरून म्हणायचे, "पुडी दे वं. एकच दे."

"संपल्या जी."

पुड्या प्रयागबाईंच्या कमरेच्या पिशवीत होत्या. नत्थूजींना ते माहीत होतं. चाळीस वर्षांत या बाईने त्यांना कशाला नाही म्हटलं नव्हतं. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं आणि पुन्हा तिच्याशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी सकाळी ते गेले. तिथल्या बाकावर प्रयागबाई नुसत्या म्हणत राहिल्या, "माह्या हातानं दिल्या. दोन-दोन दिल्या." मी शेजारी बसून होतो. तेव्हाही मी काही बोललो नाही. माणूस किती भित्रा असू शकतो, ते मला साठी उलटल्यावर कळलं.

तेरवी झाल्यावर दोन दिवसांनी त्या माझ्या दारात उभ्या राहिल्या.

"देवरावभाऊ, तुमच्या पुड्या हायेत काय घरी?"

"आहेत."

"आज घेतली?"

घेतली होती. टाकून द्यायची भीती वाटत होती आणि गिळायचीही. मी मान खाली घातली.

"एकदम सोडू नका, दाक्तरीनबाईनं सांगतलं होतं ना. पिशवीत घ्या, तिले दाखवू. चला, मी येतो सोबत." त्या पायरी उतरल्या आणि मागे वळून म्हणाल्या, "आन कोनं आनल्या म्हनून तिनं इचारलं, तं यावेळी तुमी सांगजा."