टेकडीवर चढवलेली जीप

सांगलीत आमच्या मालकांची मोटारींची एजन्सी होती. तिथं मी विक्रीचं काम बघायचो. एकोणीसशे साठचं दशक निम्मं सरलं आणि लागोपाठ दोन वर्षं पावसानं दगा दिला. गिऱ्हाईक फिरकेना. मालकांनी एकेकाला घरी बसवलं. शेवटी उरलो मी आणि आमचा ड्रायव्हर. तो मेढ्याचा, पलटणीत गाडी चालवून आलेला, माझ्याच वयाचा. विकायला ठेवलेल्या गाड्या रोज सकाळी चालू करायच्या, बॅटरी उतरू द्यायची नाही, एवढंच काम त्याला उरलं होतं. तेही तो मन लावून करायचा.

मग पाऊस बरा झाला. गुळाला भाव आला. विहिरीवर ऊस असलेली माणसं पुन्हा दुकानात डोकावू लागली. मालकांना दम निघेना, कारण कोल्हापूरच्या एका एजन्सीनं कराडात शाखा काढली होती. मालकांनी थेटरात सिनेमाआधी दाखवायची जाहिरातीची काच लावली, पार शिरवळपर्यंत भिंती रंगवल्या. तेवढ्यानं भागेना, तेव्हा जीपवर भोंगा बांधून आम्ही गावोगावचे बाजार धरू लागलो. माझा आवाज खणखणीत, म्हणून माइक माझ्याकडं.

कडेगावच्या बाजारादिवशी गावाबाहेरच्या टेकडीपाशी माणूस मावत नव्हतं. जीप चढ कशी चढते ते दाखवायचं होतं. ड्रायव्हर आधी पायी वर जाऊन आला.

"मालक, वरची माती लय भुसभुशीत हाय," तो म्हणाला. "निम्म्यातनं वळवतो."

 मालक तसेच माझ्याकडं आले आणि कानाशी म्हणाले, "माथ्यापर्यंत जाणार म्हणून सांग. एकदा लोकांपुढं सांगितलं की नेईल तो."

मी सांगितलं. माझ्या त्या खणखणीत आवाजात सांगितलं. लोकांनी शिट्ट्या मारल्या. ड्रायव्हरनं स्टिअरिंगवर हात ठेवून एकदा माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, शिवी देईल. पण त्यानं गिअर टाकला.

जीप जवळजवळ पोहोचली होती. मागचं चाक घसरलं, गाडी क्षणभर थांबली आणि आडवी होऊन लोळत खाली आली. माइक चालूच होता. माझी किंकाळी साऱ्या बाजारानं ऐकली.

त्याला ट्रकमध्ये घालून आम्ही कराडकडं निघालो. डोकं माझ्या मांडीवर होतं. "गड्या, हँडब्रेक वडला हुता मी," तो म्हणाला. थोड्या वेळानं पुन्हा तेच. मी "व्हय, व्हय" म्हणत राहिलो. कराड यायच्या आधीच तो गेला.

दुसऱ्या दिवशी मालकांनी पोलिसांना द्यायचा जबाब लिहून माझ्यापुढं ठेवला. मालक नको म्हणत असताना ड्रायव्हरनं हट्टानं गाडी वर नेली, असं त्यात होतं. "एजन्सी बंद पडली तर तू कुठं जाणार आहेस?" त्यांनी विचारलं. ते ओरडले नाहीत, धमकीही दिली नाही. घरी बसवलेली माणसं रस्त्यात भेटायची, त्यांचे चेहरे माझ्या डोळ्यांपुढं आले. मी सही केली.

त्या हंगामात नोंदणी इतकी झाली की गाड्या पुरेनात. कडेगाव भागातूनही गिऱ्हाईक आलं. आधी कुणी कुजबुजायचं, नंतर तेही थांबलं. पत्रा ठोकून, रंग देऊन ती जीपसुद्धा एका कंत्राटदाराला गेली. कागदपत्रं मीच केली.

ड्रायव्हरची ट्रंक पोचवायला मी मेढ्याला गेलो. त्याची बायको ओसरीवर शेंगा फोडत होती. मला ओळखून उठली. ट्रंक उघडून तिनं कपडे बघितले, परत तसेच ठेवले.

"आवं भावजी, तुमी तितंच हुता न्हवं? लोक म्हणत्यात, ह्येंनी हट्टानं नेली गाडी. कवा हट्ट करायचं न्हाईत वो ते. खरं हाय का ह्ये?"

इथवर येताना एसटीत मी खरं काय ते सांगायचं मनाशी जुळवलं होतं. आधी काय सांगायचं, मग काय. ती उत्तराची वाट बघत उभी होती.

"व्हय," मी म्हणालो.

तिनं ट्रंकेचं झाकण लावून कडी घातली. मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "लांबनं आलाय. च्या घेतल्याबिगार जाऊ नगा."

मी बसलो आणि चहा घेतला.